नावे रस्ता, जमा मोटार

माणूस आयुष्यात तीन गोष्टींसाठी कर्ज काढतो : घर, मुलांचं शिक्षण आणि मोटार. पहिल्या दोन गोष्टींची गरज असते म्हणून तो कर्ज काढतो. तिसऱ्या गोष्टीसाठी कर्ज मिळतं म्हणून तो गरज काढतो. मी बँकेत कारकून आहे. हल्ली आम्हाला कारकून म्हणत नाहीत, 'असोसिएट' म्हणतात. पण नाव बदललं तरी पाटी आणि पगार यांचं नातं जुनंच आहे. तर बँकेतल्या माणसाला मोटारीसाठी सवलतीच्या व्याजाने कर्ज मिळतं आणि सवलत दिसली की मराठी माणसाला वस्तू आवडू लागते. तशी मला मोटार आवडली.

गाडी दारात आली तेव्हा आईने नारळ फोडला, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं आणि विचारलं, "हिच्यात किती माणसं मावतात रे?"

"पाच."

"आणि तू ऑफिसला एकटाच जाणार?"

आईचे प्रश्न ऑडिटरसारखे असतात. विचारले जातात तेव्हा क्षुल्लक वाटतात आणि वर्षभराने अंगाशी येतात.

मी दादरला राहतो, खोदादाद सर्कलच्या जवळ. बँकेची शाखा फोर्टात. पूर्वी बसने जात होतो, बसस्टॉप घरापासून दोन मिनिटांवर. गाडी घेतल्यावर मला पार्किंगची जागा मिळाली ती घरापासून दहा मिनिटांवर, आणि फोर्टात मिळाली ती बँकेपासून बारा मिनिटांवर. म्हणजे मोटार घेतल्यापासून माझं चालणं पाचपट वाढलं. डॉक्टरांनी हाच व्यायाम सांगितला होता, पण तो फुकट करायचा होता.

असा मी सुखात असताना एका गुरुवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी येत होतो. शेवटच्या सिग्नलला हिरवा दिवा लागला. पुढे पांढऱ्या पट्ट्यांवर एक म्हातारी बाई, हातात फुलांची पुडी, अजून रस्त्याच्या मधोमधच. मी हॉर्न वाजवला. मुंबईत हॉर्न हा आवाज नसतो, ते मत असतं. मी दोनदा मत दिलं. बाई दचकली, तिच्या हातातली पुडी पडली, आणि ती वळली. ती आई होती.

ती रागावली नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "अरे, मला काय माहीत तू आहेस ते? मला वाटलं, कोणी मोठा साहेब असेल."

त्या दिवसापासून तिने समोरच्या देवळात जाणं बंद केलं. गुडघे दुखतात म्हणाली. गुडघे त्याआधीही सात वर्षं दुखत होते, आणि सात वर्षं ती रोज जात होती.

आता आम्ही कॉमर्सवाले. गुन्हा घडला की कवी कविता लिहितो, आम्ही जुन्या वह्या काढतो. संध्याकाळी टॅली लागली नाही तर एक-एक तारीख मागे जायचं आणि चूक नेमकी कुठल्या दिवशी शिरली ते शोधायचं, हे आमचं शिक्षण. मी मुंबईच्या रस्त्याचं खातं काढून बसलो.

खातं उघडलं गेलं ९ मे १८७४ रोजी. त्या दिवशी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. एक कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला आणि दुसरी बोरीबंदरहून काळबादेवीवरून पायधुणीलाच. कुलाबा ते पायधुणी भाडं तीन आणे. तिकीट वगैरे काही नव्हतं. म्हणजे भाडं होतं, पण पुरावा नव्हता. गर्दी वाढली तसं कंपनीने भाडं वाढवायचं सोडून कमी केलं, तीन आण्यांचे दोन आणे! गिऱ्हाईक वाढलं की भाव उतरवायचा, हा धडा आम्हाला बी.कॉम.ला कोणी शिकवला नव्हता. मात्र त्याच वर्षी फुकटे प्रवासीही वाढले, तेव्हा कंपनीने तिकिटं छापली. मुंबईकराचा स्वभाव घडायला इंग्रजांना शंभर वर्षं लागली असतील, पण बिनतिकीट प्रवास शिकायला त्याला काही महिने पुरले.

पुढे ७ मे १९०७ ला विजेची ट्राम आली, घोडे सुटले. १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली. १९३७ ला दुमजली बस आली. माझे आजोबा दादरहून फोर्टात ट्रामने जात. ट्राम इतकी सावकाश चाले की आजोबा जाताना वर्तमानपत्र आणि येताना डुलकी अशा दोन्ही गोष्टी पुऱ्या करत. आज मी तेच अंतर कापायला जवळपास तेवढाच वेळ घेतो आणि मला यातलं काहीही करता येत नाही.

मग ३१ मार्च १९६४ ही तारीख येते. तारीख बघा! आमचं हिशेबी वर्ष ज्या दिवशी बंद होतं त्याच दिवशी मुंबईची ट्राम बंद झाली. त्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला आली. माझे वडील तेव्हा तेरा वर्षांचे. आजोबांच्या खांद्याला धरून ते गर्दीत उभे होते. ते सांगत, लोक ट्रामला हात लावून नमस्कार करत होते, आणि दुसऱ्या दिवशी तेच लोक म्हणत होते, बरं झालं, रस्ता मोकळा झाला. ट्राम संथ होती, तोट्यात होती आणि मोटारींच्या मध्ये येत होती. साठ-सत्तर माणसांची ट्राम एका माणसाच्या मोटारीच्या मध्ये येते, हे वाक्य तेव्हा कोणाला उलटं वाटलं नाही. आमच्या भागाला आजही दादर टी. टी. म्हणतात. टी. टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. ट्राम गेली, टर्मिनस गेलं, दोन अक्षरं उरली. बँकेत याला मृत खातं म्हणतात.

जी जागा मोकळी झाली ती मोटारींनी भरली. म्हणून पुढच्याच वर्षी, १९६५ ला, केम्प्स कॉर्नरला उड्डाणपूल आला. देशातला पहिला! शिरीष पटेल या इंजिनिअरांनी तो रचला. लोक तो बघायला जात असत. मग १९९० नंतरच्या दशकात पन्नासाच्या वर उड्डाणपुलांची योजना निघाली, २००९ ला वांद्रे-वरळी सागरी सेतू झाला, २०२४ ला किनारी रस्ता खुला झाला. किनाऱ्यावरच्या त्या रस्त्याला तेरा हजार कोटींच्या वर खर्च आला आणि त्यावर स्कूटरलाही बंदी आहे. प्रत्येक पुलाच्या वेळी आपण म्हणालो, आता सुटलो. प्रत्येक पुलाने आपल्याला एका सिग्नलवरून उचललं आणि पुढच्या सिग्नलला नेऊन सोडलं. खातं बदललं, बाकी तीच.

यात आश्चर्य काही नाही. आमच्याकडे पगारवाढ झाली की शिल्लक वाढत नाही, खर्च वाढतो. रस्ता वाढला की तसंच होतं. काल जो "नको बुवा ट्रॅफिक" म्हणून लोकलने जात होता, तो पूल झाल्यावर गाडी काढतो. मीच काढली. मुंबईत रस्ते आहेत सुमारे दोन हजार किलोमीटर, आणि नोंदलेली वाहनं २०२५ पर्यंत अठ्ठेचाळीस लाखांच्या घरात गेली. मोटारींच्या या मुंबईत निम्म्याच्या आसपास प्रवास आजही नुसत्या पायांनी होतात. त्या पायांची सोय म्हणून २००८ पासून आपण स्कायवॉक बांधले. म्हणजे ज्याला जमिनीवर चालायचं होतं त्याला उचलून दुसऱ्या मजल्यावर ठेवलं आणि जमीन मोटारीला दिली. आईचे गुडघे ही योजना ऐकूनच दुखू लागतात.

आणि जमीन किती दिली? माझी गाडी रस्त्याच्या कडेला उभी असते तेव्हा ती साधारण दहा बाय बाराची जागा अडवते. तेवढ्याच खोलीत माझ्या आजोबांनी चाळीत पाच मुलं वाढवली, शिवाय कोकणातून येणारे पाहुणे. त्या खोलीचं भाडं ते दर महिन्याला बिनचूक भरत. माझी गाडी दिवसभर तेवढ्याच जागेत उभी राहते, पाहुण्यांना थारा देत नाही, आणि गल्लीत तरी एक पैसा भाडं देत नाही.

इथे मला चूक सापडली. बुककीपिंगचा पहिला नियम असा : जो घेतो त्याच्या नावे टाका, जो देतो त्याची जमा धरा. रस्ता देतो, मोटार घेते. तेव्हा नोंद हवी 'नावे मोटार, जमा रस्ता'. आपण गेली साठ वर्षं ती उलटी लिहीत आलो, 'नावे रस्ता, जमा मोटार'. मोटार अडली की रस्ता देणेकरी! त्याने रुंद व्हावं, वर चढावं, समुद्रात शिरावं. मोटारीला बिल कोणी पाठवलं नाही.

आपल्या शाखेत टॅली लागेना की आम्ही दुसऱ्या शाखेला फोन करतो, तुमच्याकडे ही नोंद कशी घालतात हो? तसं मी जगातल्या इतर शाखांकडे वळलो.

पहिली शाखा सिंगापूर. बेटच, आपल्यासारखं. जागा कमी, माणसं फार, मोटारी त्याहून फार. २ जून १९७५, सोमवार. त्या दिवसापासून सकाळी साडेसात ते साडेनऊ शहराच्या मध्यभागात मोटार न्यायची तर काचेवर परवान्याचा कागद हवा. किंमत दिवसाला तीन सिंगापुरी डॉलर. वेशीवर कमान, कमानीखाली पहारेकरी. तो गाडी अडवायचा नाही. कागद नसला तर नुसता नंबर टिपून घ्यायचा आणि दंडाचं पत्र घरी जायचं. मला ही पद्धत फार आवडली. बँकेची नोटीस अशीच येते, न ओरडता.

आणि आता आईसाठी राखून ठेवलेली गोष्ट : ज्या मोटारीत चार किंवा अधिक माणसं असतील तिला परवाना माफ! सिंगापूर सरकारने आईला विचारलं नव्हतं, तरी दोघांचा हिशेब जुळला. झालं काय, की मोटारवाले साहेब सकाळी बसस्टॉपवर गाडी थांबवून अनोळखी माणसांना "या ना, बसा ना" म्हणू लागले. तीन डॉलर वाचवण्यासाठी माणूस माणसाला लिफ्ट देतो, हे बघून मला मानवजातीबद्दल आदर वाटला. अर्थात संध्याकाळी परवाना लागत नव्हता, त्यामुळे सकाळी ज्यांना आग्रहाने बसवलं त्यांना संध्याकाळी कोणी ओळख दाखवेना. आदर परत घेतला.

परिणाम? त्या वेळात मध्यभागात शिरणारी वाहनं चाळीस टक्क्यांहून अधिक घटली. साडेनऊ वाजले रे वाजले की बाहेर खोळंबलेल्या गाड्यांचा लोंढा आत यायचा, म्हणून वेळ सव्वादहापर्यंत वाढवली. सरकारचंही एक गणित चुकलं. शहराच्या कडेला हजारो गाड्यांसाठी वाहनतळ बांधले, गाडी इथे लावा आणि बसने आत जा म्हणून. तिथे फारसं कोणी फिरकलंच नाही. लोक सरळ घरापासूनच बसने जाऊ लागले. १९८९ ला संध्याकाळचीही वसुली सुरू झाली, १९९० पासून नवी मोटार घ्यायलाच दहा वर्षांचा परवाना लिलावात घ्यावा लागू लागला, आणि १९९८ पासून पहारेकऱ्याऐवजी यंत्र पैसे कापू लागलं.

दुसरी शाखा लंडन. मोटारीकडून रस्त्याचं भाडं घेता येईल, असा अहवाल स्मीड नावाच्या गृहस्थांच्या समितीने तिथल्या सरकारला दिला तो १९६४ साली. म्हणजे इकडे आपण ट्राम मोडत होतो तेव्हा तिकडे अहवाल तयार होता. मग फाईल चालू लागली. ती पोहोचली १७ फेब्रुवारी २००३ ला, अवघ्या एकोणचाळीस वर्षांत. सरकारी फाईल हा इंग्रजांनी आपल्याला दिलेला वारसा आहे असं आपण म्हणतो. त्यांनी मूळ प्रत स्वतःकडे ठेवली होती, हे मला नव्हतं माहीत.

केन लिव्हिंग्स्टन तेव्हा महापौर. रोज पाच पौंड. वर्तमानपत्रांनी भाकीत केलं की हाहाकार होणार. पहिला दिवस इतका शांत गेला की बातमीदारांची पंचाईत झाली. त्याच दिवशी सुमारे तीनशे जादा बस रस्त्यावर आणल्या होत्या. मध्यभागात शिरणारी वाहनं अठरा टक्क्यांच्या आसपास कमी झाली आणि आलेला पैसा वाहतुकीवरच खर्च करायचा असं कायद्यानेच बांधून ठेवलं. पुढच्या वर्षी लिव्हिंग्स्टन पुन्हा निवडून आले. काही वर्षांनी तिथली कोंडी पुन्हा वाढली हेही खरं. रस्त्याची खोदकामं आली, बस आणि पादचाऱ्यांना जास्त जागा दिली गेली. औषध बरं करतं, अमर करत नाही.

तिसरी शाखा स्टॉकहोम. ही सगळ्यात शहाणी. तिथे बहुतेकांचा विरोध होता, म्हणून २००६ च्या जानेवारी ते जुलै अशी नुसती चाचणी घेतली. वाहनं वीस टक्क्यांच्या आसपास घटली. मग चाचणी संपवली, गाड्या परत रस्त्यावर आल्या, आणि लोकांना सप्टेंबरात विचारलं, "बोला, हवं का नको?" आधी नको म्हणणाऱ्या शहराने थोड्या मतांनी का होईना, हवं म्हटलं. ऑगस्ट २००७ पासून ते कायमचं झालं. भाषणाने जे पटत नाही ते सात महिन्यांच्या मोकळ्या रस्त्याने पटलं.

या सगळ्या विचाराचं बारसं करणारे गृहस्थ विल्यम विक्री, अमेरिकेतले अर्थशास्त्राचे प्राध्यापक. गर्दीच्या वेळी रस्ता वापरणाऱ्याने जास्त पैसे मोजावेत असं ते १९५० च्या दशकापासून सांगत होते. १९९६ ला त्यांना नोबेल जाहीर झालं आणि तिसऱ्याच दिवशी, एका परिषदेला जाताना, ते वारले. स्वतःच्या मोटारीत, स्टिअरिंगवर. थोर माणसंही शेवटी आपल्यासारखीच असतात, गाडी काढतातच.

मी हे सगळं डबा खाताना आमच्या हेडकॅशियरना सांगितलं. ते चाळीस वर्षं डोंबिवलीहून लोकलने येतात. त्यांना मोटार नाही, मतं आहेत.

"म्हणजे मुलुंड-दहिसरला पूर्वी मालावर जकात होती तशी आता माणसांवर बसवायची," ते म्हणाले. "श्रीमंत पैसे फेकणार आणि मोकळ्या रस्त्याने जाणार. गरिबाचं काय?"

"गरीब मोटारीतून जातो का?"

"नाही."

"मग कशातून जातो?"

"बसमधून. मिळाली तर."

'मिळाली तर' या दोन शब्दांत त्यांनी मला गप्प केलं. मघाच्या शाखांचा खरा धडा तोच आहे. लंडनने आधी बस आणल्या, मग पैसे मागितले. बस नसताना मोटारवाल्याला बिल पाठवणं म्हणजे जेवण न वाढता दक्षिणा मागणं. मी घरी येऊन आपल्या शाखेच्या ताज्या नोंदी काढल्या. त्या अशा :

ऑक्टोबर २०२४ : मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर मोटारींचा टोल माफ. जगातली शहरं मोटारीला आत यायचे पैसे लावत होती त्या काळात आपण होते ते पंचेचाळीस रुपयेही सोडून दिले. मीही त्या दिवशी आनंदाने पेढे वाटले. त्यात लपवण्यासारखं काही नाही, पण सांगावं लागतं आहे.

९ मे २०२५ : बेस्टच्या साध्या बसचं किमान भाडं पाचाचं दहा रुपये. दहा-बारा वर्षांपूर्वी चार हजारांच्या वर असलेल्या बस तोवर तीन हजारांच्याही खाली आल्या होत्या.

तारीख पुन्हा बघा. ९ मे! ज्या तारखेला १८७४ साली ट्राम सुरू झाली, आणि गर्दी वाढली म्हणून तिचं भाडं उतरवलं गेलं, त्याच तारखेला, दीडशेवर एक वर्षांनी, बस कमी झाल्या आणि भाडं दुप्पट झालं. सात महिन्यांत मोटारीला माफी आणि बसला वाढ. 'नावे बस, जमा मोटार'. शिकाऊ कारकुनाने अशी नोंद घातली तर आम्ही त्याला दुपारचा चहा देत नाही.

मी क्रांतिकारक नाही. गाडी विकलेली नाही. कर्जाचे एकतीस हप्ते बाकी आहेत. पण ती आता रविवारीच निघते, आणि आईच्या नियमाने, चार माणसं भरल्याशिवाय निघत नाही. चौथं माणूस कमी पडलं तर शेजारच्या आजोबांना बळेच बसवतो. इतर दिवशी मी बसस्टॉपवर उभा असतो. बस येत नाही तोवर विचार करायला भरपूर वेळ मिळतो. हा सगळा लेख तिथेच सुचला.

आणि रोज संध्याकाळी आईला हाताला धरून समोरच्या देवळात नेतो. पहिल्या दिवशी ती नको म्हणाली. मग फुलांची पुडी घेऊन स्वतःच दारात उभी राहिली. आमच्या सिग्नलला पादचाऱ्यांचा हिरवा दिवा चौदा सेकंद असतो. मी घड्याळ लावून पाहिलं. आईला पलीकडे पोहोचायला एकतीस सेकंद लागतात. म्हणजे रोज जाताना सतरा आणि येताना सतरा सेकंद आम्ही रस्त्याच्या मधोमध बेकायदा उभे असतो, आणि दोन्हीकडून मोटारवाले साहेब मत देत असतात.

"थांब रे," आई म्हणते, "त्यांना जाऊ दे. त्यांना घाई असेल."

बँकेत ज्या रकमेचा धनी सापडत नाही ती सस्पेन्स अकाउंटला टाकतात. आईचे ते चौतीस सेकंद मी रोज तिथे टाकतो. ते कोणाच्या नावे लिहायचे, ते कोणीतरी एकदा ठरवेल. तोवर टॅली लागणार नाही.